साडेपाचच्या भुकेसाठी: बॅगेत टिकणारा, न सादळणारा खाऊ

ठाणे आणि नवी मुंबईच्या बहुतेक नोकरदार घरांत दुपारच्या डब्याचं गणित पक्कं बसलेलं असतं. पोळी, भाजी, जमलं तर कोशिंबीर. पंचाईत होते ती डब्याच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेपाचला. त्यातली दुसरी वेळ जास्त कठीण. महापे, रबाळे किंवा ऐरोलीच्या ऑफिसातून सहा-साडेसहाला निघायचं, बसने किंवा रिक्षाने स्टेशन गाठायचं, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहायचं, ठाण्याला ९-१० नंबरच्या फलाटावरून जिना चढून-उतरून पुन्हा रिक्षाच्या रांगेत लागायचं. घरी ताट समोर येईपर्यंत साडेआठ वाजतात. दुपारी दीडला जेवलेल्या माणसाचे मधले सात तास रिकामे जातात, आणि ती भूक स्टेशनबाहेरच्या गाडीवर जाऊन थांबते. वडापाव कधीतरी उत्तमच. रोजची सवय मात्र पोटालाही भारी आणि खिशालाही.

त्यामुळे आधी वेळ ठरवा, मग पदार्थ. संध्याकाळचा खाऊ गाडीत खाण्यासाठी नेऊ नका. निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, साडेपाचच्या सुमारास, चहाबरोबर जागेवरच संपवा. गाडीसाठी फार तर एखादा लाडू शिल्लक ठेवा. हे एवढं पाळलं तरी घरी आल्यावर ताट वाढेपर्यंत फरसाणाच्या डब्यात हात घालणं थांबतं.

चवीच्या आधी ओलावा बघा

खाडीकाठच्या या पट्ट्यात खाऊ निवडताना पहिला प्रश्न चवीचा नसतो, ओलाव्याचा असतो. इथली हवा बारा महिने दमट, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. कोरडा पदार्थ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि सादळतो. ओला पदार्थ त्याच उबदार हवेत जिवाणूंना जागा देतो आणि आंबतो. पुण्यात किंवा सोलापुरात उघड्या ताटलीत तासभर कुरकुरीत राहणारे कुरमुरे इथे ऑगस्टमध्ये चहा संपेपर्यंत मऊ पडतात. म्हणून भडंग कितीही आवडत असलं तरी बॅगेतल्या खाऊच्या यादीत आम्ही ते धरत नाही.

कामाच्या दिवसाचा खाऊ तीन गटांत बसतो. कोरडा, म्हणजे चिवडा, दाण्याचा लाडू, खाकरा, फुटाणे: चार-पाच दिवसांपासून पंधरवड्यापर्यंत. निमओला, म्हणजे दशमी किंवा धपाटं: आजचा दिवस, फार तर उद्या सकाळ. आणि ओला, म्हणजे अंडी, मोडाची उसळ, पनीर: घरातून निघाल्यापासून दोन तास, त्यापुढे फ्रिज. संध्याकाळच्या भुकेला यातला पहिला गटच खरा कामाचा, म्हणून पुढे भर त्याच्यावर आहे.

पातळ पोह्यांचा चिवडा, आठवडाभर कुरकुरीत

एका घाण्यात साधारण अर्धा किलो चिवडा होतो. ३५ ग्रॅमच्या पंधरा पुड्या, म्हणजे दोघांना आठवडाभर पुरून उरतो.

साहित्य: पातळ पोहे २५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, पंढरपुरी डाळं ७५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप ३० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ६ ते ७, कढीपत्त्याची २५-३० पानं, तेल ५ मोठे चमचे, मोहरी आणि तीळ प्रत्येकी १ चहाचा चमचा, हिंग पाव चमचा, हळद पाऊण चमचा, मीठ दीड चहाचा चमचा, साखर २ चहाचे चमचे. मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि चहाचा चमचा ५ मिली धरला आहे.

तयारी आदल्या रात्रीपासून. कढीपत्ता धुऊन कापडावर पसरून ठेवा. ओल्या पानांनी तेल उडतं हे सगळ्यांना माहीत असतं. ती ओल नंतर चिवड्यात उतरते याकडे मात्र दुर्लक्ष होतं. मीठ आणि साखर मिक्सरमधून एकत्र बारीक करून ठेवा. खडबडीत मीठ पोह्यांना चिकटत नाही, डब्याच्या तळाशी जाऊन बसतं. मग सोमवारचा चिवडा अळणी आणि शुक्रवारचा खारट लागतो.

पोहे चाळून भुगा काढून टाका. ऊन असेल तर दोन-तीन तास ताटात पातळ पसरून ठेवा. ऊन नसेल तर कढईत, पण एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नको. आच मंद ठेवा आणि हलक्या हाताने वरखाली करत पाच-सहा मिनिटं भाजा. झाले की नाही हे रंगावरून ठरवू नका. चार पोहे काढून अर्धा मिनिट गार होऊ द्या आणि चिमटीत दाबा. कट्कन तुटून पीठ झालं तर झाले. वाकले तर अजून दोन मिनिटं. आच मोठी झाली की पोहे आक्रसतात, गोळा होतात, आणि तसे आक्रसलेले पोहे पुढे काही केलं तरी चिवट लागतात. ओव्हन असेल तर १०० अंश सेल्सिअसवर आठ-दहा मिनिटांत हेच काम निगुतीनं होतं, मधे एकदा हलवायचं.

आता फोडणी. जाड बुडाच्या मोठ्या कढईत तेल कोमट झालं की दाणे घाला. तापलेल्या तेलात घातले तर बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. मध्यम-मंद आचेवर चार-पाच मिनिटांत साल तडकते आणि दाण्यांना खरपूस वास सुटतो. झाऱ्याने काढा. मग खोबरं, जेमतेम अर्धा मिनिट, कडा बदामी दिसल्या की लगेच बाहेर. मग डाळं, एक मिनिट. हे सगळं बाजूला निथळत ठेवा.

त्याच तेलात मोहरी तडतडली की मिरचीचे तुकडे घाला, आणि इथे घाई करू नका. मिरची पांढरट पडून कडक होईपर्यंत दोन ते तीन मिनिटं तळायची. चिवडा दुसऱ्या दिवशी सादळला की बहुतेक वेळा दोष पोह्यांचा नसतो, अर्धवट तळलेल्या मिरचीचा असतो. तिच्यातलं पाणी हळूहळू सगळ्या डब्यात पसरतं. चमच्याने ढोसल्यावर तुकडा टणक लागला, तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले, की मिरची झाली. मग कढीपत्ता, त्याचाही चुरचुर आवाज थांबेपर्यंत. शेवटी तीळ आणि हिंग. गॅस बंद करा आणि मगच हळद घाला, म्हणजे ती करपणार नाही.

पोहे, दाणे, डाळं, खोबरं घालून दोन उलथन्यांनी तळापासून वर करत मिसळा. मीठ-साखर थोडी थोडी भुरभुरवा. सगळीकडे सारखा पिवळा रंग आला की पुन्हा अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. पहिल्यांदा हे जास्तीचं काम वाटतं, पण मिसळताना पोह्यांनी ओढलेली ओल इथेच निघून जाते.

गार करण्याचा प्रश्न इथल्या हवेत जरा विचित्र आहे. गरम भरला तर डब्यात वाफ धरते, आणि उघडा ठेवला तर तो हवेतली ओल घेतो. उपाय असा की मोठ्या परातीत कागदावर पातळ पसरायचा, पंखा लावायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागला की लगेच भरायचा. पावसाळ्यात तो रात्रभर झाकून ठेवण्याची चूक करू नका.

एवढं करूनही सादळलाच, तर टाकू नका. कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं पुन्हा परता. मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर ताटलीत पसरून तीस-तीस सेकंदांनी, मधे हलवत. बाहेर काढल्यावर लगेच मऊच लागतो, गार झाला की कुरकुरीत होतो. खवट वास आला तर मात्र इलाज नाही. खोबरं किंवा दाणे जुने होते असं समजा आणि पुढच्या वेळी दोन्ही चाखून घ्या.

दाण्याचा लाडू: गाडीत उभ्यानं खाण्याजोगा एकमेव पदार्थ

असं ठामपणे म्हणण्याला कारण आहे. गर्दीत एक हात वरच्या कडीला, सॅक पोटाशी. खाऊ दोन घासांत संपला पाहिजे, भुगा शेजारच्याच्या शर्टावर पडता कामा नये, वास दरवळू नये आणि हात तेलकट होऊ नये. चिवडा या परीक्षेत नापास होतो, तो टेबलावरच खावा. लहान वळलेला, नीट दाबलेला दाण्याचा लाडू पास होतो.

शेंगदाणे २५० ग्रॅम, मऊ गूळ १६० ग्रॅम, तूप २ चहाचे चमचे, वेलची किंवा सुंठ अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. यातून २५ ग्रॅमचे सोळा-सतरा लाडू होतात. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे एका लाडवातून चार ग्रॅमच्या आसपास. दोन लाडू आणि पेलाभर पाणी घेतलं की साडेआठपर्यंत पोट गप्प राहतं.

दाणे आधी निवडा. आक्रसलेले, काळपट, हिरवट बुरशीचे ठिपके असलेले किंवा चवीला कडू लागणारे दाणे सरळ टाका. बुरशी आलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. पावसाळ्यात दुकानात पोती ओलसर जागी ठेवलेली असतात, त्या महिन्यांत मोठं पाकीट घेऊन ठेवण्याऐवजी थोडे थोडे आणावेत.

मंद-मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं, सतत हलवत भाजा. साल बोटांत चुरगळून निघाली आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की उतरवा. कढई गरमच असते आणि दाणे तिच्यात भाजतच राहतात, म्हणून लगेच ताटात काढायचे. पूर्ण गार झाल्यावर साल काढून पाखडा. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटतं आणि लाडवाऐवजी लोण्यासारखा लगदा हाती येतो. गार दाणेसुद्धा एकदम फिरवू नका. दोन-दोन सेकंद, थांबून थांबून, सात-आठ वेळा. रव्यापेक्षा जरा जाड कूट हवा.

गूळ किसून किंवा बारीक चिरून घ्या. चिक्कीचा गूळ नको. तो पाकासाठी असतो, कच्चा मिसळला की कूट नीट धरून ठेवत नाही. कूट, गूळ, मीठ, वेलची एकत्र करून पुन्हा मिक्सरला फक्त दोनदा फिरवा, म्हणजे गुळाचे खडे मोडतात. परातीत काढून कोमट तूप घाला, तळहाताने मळल्यासारखं करा, आणि मूठ दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा जसाच्या तसा राहिला तर लाडू वळा. फुटला तर आणखी अर्धा चमचा तूप. पाण्याचा किंवा दुधाचा हबका चुकूनही मारू नका. वळायला सोपं जातं खरं, पण तो लाडू दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो.

लाडू एका मोठ्या घासाचा किंवा फार तर दोन घासांचा असावा. लग्नातल्या लाडवाएवढा केला तर गाडीत तो अर्धाच खाऊन होतो आणि उरलेला कशात ठेवायचा हा प्रश्न पडतो. स्टीलच्या घट्ट डब्यात एरवी बारा-पंधरा दिवस, पावसाळ्यात आठ दिवस राहतात.

याचंच खजुराचं रूप: बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, भाजलेले दाणे किंवा बदाम-काजू मिळून १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ३० ग्रॅम. खजूर चमचाभर तुपावर दोन-तीन मिनिटं परतून मऊ करायचा, बाकीचं भरड मिसळायचं, वळकटी करून तासभर फ्रिजमध्ये ठेवून चकत्या कापायच्या. मधुमेह असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, खजूर काय किंवा गूळ काय, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. त्यांच्यासाठी खाली फुटाणे आहेतच.

दशमी

पूर्वी प्रवासाच्या शिदोरीत दशमी असायची. तिचं टिकणं दुधात भिजवण्याशी जोडलेलं आहे: दुधातल्या स्निग्धतेमुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, साध्या पोळीसारखी वातड होत नाही. इथल्या हवेत मात्र आजची उद्या सकाळपर्यंतच धरा. जुन्या काळातले तीन-चार दिवस इथे मनात आणू नका.

कणीक २५० ग्रॅम, गूळ ८० ग्रॅम, दूध १०० ते १२५ मिली, तूप २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, सुंठ अर्धा चमचा. दूध उकळून कोमट होऊ द्या आणि मग गूळ विरघळवा. कढत दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याची भीती असते. गाळून घ्या, गुळात कचरा असतो. कणकेला तूप चोळून दूध थोडं थोडं घालत घट्ट भिजवा. सैल झाली तर गुळामुळे पोळपाटाला चिकटते आणि लाटताना पीठ जास्त लागतं, ते पीठ तव्यावर जळून कडू लागतं. वीस मिनिटं झाकून ठेवा.

अकरा गोळे करा आणि तळहाताएवढ्या, पुरीपेक्षा जाड दशम्या लाटा. मंद-मध्यम आचेवर भाजा. गूळ लवकर करपतो, त्यामुळे पोळीच्या आचेवर बाहेर डाग आणि आत कच्चं असा प्रकार होतो. प्रत्येक बाजूला दीड ते दोन मिनिटं, शेवटी कडेने अर्धा चमचा तूप. जाळीवर गार करा, ताटात एकावर एक रचल्या की खालच्यांना घाम सुटतो.

तिखट हवी असेल तर गूळ वगळा आणि १ मोठा चमचा बेसन, १ चमचा तिखट, ओवा, तीळ, मीठ घाला. मेथी घालायची झाली तर पानं चिरून मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा; तरीही ती त्याच दिवशी संपवायची. कांद्याचं थालीपीठ घरच्या ताटातच चांगलं. बंद डब्यात त्याला पाणी सुटतं, आणि एसी ऑफिसात डबा उघडला की सगळ्या मजल्याला कळतं.

कमी वेळात होणारं

काल रात्रीचे दोन-तीन फुलके उरले असतील तर त्यांचा खाकरा करा. तवा मंद ठेवून, घडी घातलेल्या सुती कापडाने दाबत, फिरवत, उलटसुलट पाच-सहा मिनिटं. अर्धा चमचा तूप, वरून जिरेपूड, तिखट, मीठ. गार झाल्यावर कडक होतो. घडीच्या पोळीचा हा खाकरा होत नाही. पदरांमध्ये ओल अडकते आणि मध्यभाग चामट राहतो. घट्ट डब्यात चार-पाच दिवस राहतात. डब्यात चतकोर करून भरा, अख्खे भरले की बॅगेत त्यांचा चुराच होतो.

मखाणे ५० ग्रॅम, एक चमचा तूप, अगदी मंद आच, आठ-दहा मिनिटं. बोटात दाबल्यावर आवाज करून फुटले पाहिजेत. चव छान, पण सादळण्यात कुरमुऱ्यांच्या खालोखाल, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच करा.

फुटाणे आणि दाणे यांना काही करावंच लागत नाही. ३० ग्रॅम फुटाणे, १५ ग्रॅम भाजके दाणे, झालं काम. यात मनुका मिसळून आठवड्याचं पाकीट तयार करण्याचा मोह होतो. तो टाळा. मनुकांतली ओल फुटाणे ओढून घेतात. दोन दिवसांत फुटाणे मऊ आणि मनुका कडक. मनुका हव्याच असतील तर वेगळ्या पुडीत ठेवा, खाताना एकत्र करा.

विकतचं घ्यायचं झालं तर दाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की घ्या, तीही एकेक वडी वेगळी बांधलेली. राजगिऱ्याचा लाडू खायला हलका आणि उत्तम, पण पहिल्या घासाला फुटतो आणि दाणे अंगभर होतात.

ओला खाऊ आणि दोन तासांचा नियम

शिजवलेला ओलसर पदार्थ बाहेरच्या हवेत दोन तासांपर्यंत ठीक. पारा ३२ अंशांच्या वर गेला की एकच तास. एप्रिल-मेमध्ये ठाण्याची दुपार याच्या वरच असते. दुपारच्या डब्याला इतकी वर्षं काही झालं नाही, हा हिशेब अंडी, पनीर, ओलं खोबरं आणि मोडाच्या कडधान्यांना लावू नका.

अंडी पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटं शिजवा, गार पाण्यात काढा, सालीसकट फ्रिजमध्ये ठेवा. तशी आठवडाभर राहतात. सकाळी निघताना बॅगेत टाका, ऑफिसात पोचल्या पोचल्या सोलून मीठ-मिरपूड लावून खा. जास्त वेळ अंडी शिजली की पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडा येते. ती खायला निर्धोक असते, वास मात्र जास्त येतो. ऑफिसात फ्रिज असेल तरच संध्याकाळसाठी न्या, आणि डब्यावर नाव घाला. मोडाच्या मटकीचंही तेच: वाफवून, मीठ-लिंबू लावून, अकराच्या आत.

फळांत पेरू सर्वांत सोयीचा: कडक, साली-बियांसकट खाता येतो, दबत नाही. केळं न्यायचं तर देठाशी हिरवट असलेलं न्या आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. घरून चिरून नेलेलं फळ काळं पडतं, पाणी सोडतं, आणि त्यालाही वरचाच नियम लागू होतो.

डबे आणि भरणं

घरातला मोठा डबा रोज उघडला की प्रत्येक वेळी आत दमट हवा जाते. शुक्रवारचा चिवडा सादळतो तो बहुतांशी यामुळे. रविवारीच आठवड्याच्या पुड्या करून टाका. ३५ ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा दिसायला भरपूर असतो, त्याला २५०-३०० मिलीचा डबा लागतो. दोन लाडवांना १५० मिलीची डबी पुरते. डबा काठोकाठ भरा, रिकामी जागा म्हणजे दमट हवा. झिपच्या पिशवीतली हवा दाबून काढा आणि पिशवी डब्यात ठेवा, नुसती बॅगेत टाकली की गर्दीत चिवड्याचा भुगा होतो.

डबा स्टीलचा, खटक्याच्या झाकणाचा आणि रबरी रिंग असलेला घ्या. फिरकीचं झाकण गाडीत एका हाताने उघडत नाही. सॅक पुढे लावायची सवय असेल तर लाडवाची डबी बाहेरच्या लहान कप्प्यात ठेवा, म्हणजे गर्दीत चेन पूर्ण उघडावी लागत नाही. रिकाम्या पुड्या त्याच डबीत घरी आणायच्या.

रविवारचे दोन तास

काम उलटसुलट केलं तर अख्खी सकाळ जाते, म्हणून क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी लाडवांचे दाणे भाजून पसरा, त्यांना गार व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याच कढईत पोहे घाण्याघाण्याने भाजा. कोरड्या कढईची कामं आधी, तेलाची नंतर. पोहे होईपर्यंत दाणे गार होतात, ते कोणाला तरी सोलायला द्या. चिवड्याची फोडणी, मिसळणं, पंख्याखाली पसरणं. चिवडा गार होतोय तेवढ्यात कूट, गूळ, लाडू. लाडू वळून झाले की चिवडा भरायला तयार. दशम्या या कामात घेऊ नका, त्या बुधवारी रात्री करा. तोवर लाडू-चिवड्याचा कंटाळा आलेला असतो आणि गुरुवारी सकाळी ताज्या मिळतात.

दोघांच्या पहिल्या आठवड्याची खरेदी: पातळ पोहे पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, डाळं १०० ग्रॅम, फुटाणे २०० ग्रॅम, मऊ गूळ पाव किलो, सुकं खोबरं अर्धी वाटी. पोहे घेताना पाकीट उजेडात धरून बघा, तळाशी भुगा जास्त असेल तर दुसरं घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत दाणे, गूळ, पोहे हाताळून, चाखून घेता येतात. वाशीला एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) दाणा बंदर आणि मसाला मार्केटमध्ये माल घाऊक असतो. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून दाणे, खजूर, खोबरं आणलं तर परवडतं, एकट्यासाठी पाच किलो दाणे आणून पावसाळ्यात खवट करण्यात अर्थ नाही.

जून ते सप्टेंबर ही मापं निम्मी करा आणि दर आठवड्याऐवजी चार-पाच दिवसांनी ताजं करा. या महिन्यांत चिवड्यापेक्षा लाडू आणि चिक्कीवर भर द्या. ओलाव्याने चिक्की वरून चिकट होते, पण चिवड्यासारखी बेचव होत नाही. ऑफिसातून परत आलेला डबा त्याच रात्री धुवा. झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी घासा, तिच्या खाचेत चिवड्याचं तेल आणि भुगा साचतो आणि पुढच्या खाऊला खवट वास त्याच खाचेतून येतो. रिंग पुसून, रात्रभर उघड्यावर वाळवून, सकाळी भरण्याआधी बसवा.